काका खाली बसले तेव्हा

माझ्या काकांना खालच्या गावात सगळे ‘गुडघ्या’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, प्रेमानं म्हणायचे, आणि काकाही ओ द्यायचे. वखारीत सुतारकामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण गावानं नाव ठेवलं ते त्या कामावरून नाही. वर्षातून एकदा ते जे करायचे, त्यावरून.

स्थापनेच्या दिवशी नदीकाठच्या मैदानावर देखावा व्हायचा. फळ्यांचा मंच, मागं रंगवलेलं कापडी जहाज. त्या जहाजातून कप्तान उतरायचा, बँड थांबायचा, आणि आमच्या लोकांचा मुखिया पुढं येऊन कप्तानासमोर गुडघे टेकायचा. कप्तान त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. मग भोंग्यावरून सांगितलं जायचं, की अशा रीतीनं ही भूमी आपली झाली. आपली म्हणजे नक्की कोणाची, हे आम्ही कधी विचारलं नाही. टाळ्या मात्र आम्हीही वाजवायचो.

कप्तान व्हायचे वखारीचे मालक, कारण त्यांचं घराणं त्या कप्तानाचं. मुखियाचं काम आमच्या घराकडं होतं. आधी आजोबा करायचे. खरं तर त्यांच्यानंतर माझ्या वडिलांची पाळी, पण गुडघे टेकले की त्यांना हसू फुटायचं. दोन तालमींत त्यांनी सगळा विचका केला आणि काम धाकट्या भावाकडं गेलं. काकांना कधी हसू आलं नाही. ते गंभीरपणे चालत यायचे, गंभीरपणे टेकायचे. घरी त्याचा अभिमान होता. काकू त्या दिवशीचा सदरा वर्षभर वेगळा ठेवायची आणि त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही.

आम्ही वरचे. वखारीच्या मागं जो उतार चढत जातो त्याच्या माथ्यावर आमची वस्ती. शाळेच्या पुस्तकात आमच्याबद्दल एकच ओळ होती, ‘येथे पूर्वी थोडे रहिवासी होते.’ बाईंनी ती वाचली की आम्ही वरची पोरं एकमेकांकडं बघायचो. आम्ही होतो की. बाकावर बसलो होतो. पण ‘होते’ म्हटल्यावर पुढं काय बोलणार? नदीकाठची सपाट जमीन आमची होती, हे घरात मोठी माणसं कधीतरी बोलता बोलता म्हणायची आणि विषय बदलायची. आजोबांच्या लहानपणी खाली उतरायलासुद्धा परवानगी लागायची, आणि अंधार पडायच्या आत वर परतावं लागायचं. हे मला मोठेपणी कळलं, तेही तुकड्या-तुकड्यानं.

त्या वर्षी देखावा तोंडावर आला असताना आत्याआजीनं काकांना निरोप धाडला, दार अडतंय म्हणून. आत्याआजी म्हणजे वडिलांची आणि काकांची आत्या. वस्तीतलं सगळ्यात जुनं माणूस. एकटी राहायची, तिखट बोलायची. तिच्या डोळ्यांत औषध घालायला मी रोज दुपारी जायचेच, म्हणून त्या दिवशी काकांबरोबर गेले.

काकांनी दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, खालची कड रंध्यानं तासली आणि परत लावताना उंबऱ्याशी गुडघे टेकले. तिथून वर बघत गमतीनं म्हणाले, की आत्या, तू काही कधी देखाव्याला येत नाहीस, आता इथंच बघून घे. आणि त्यांनी मंचावर झुकवायचे तशी मान झुकवली.

आत्याआजी हसली नाही.

“ऊठ,” ती म्हणाली. “माझ्या दारात हे करायचं नाही.”

काकांना वाटलं, म्हातारीला अपशकुन वाटला असेल. ते काहीतरी सारवासारव करायला लागले. तिनं त्यांना मध्येच थांबवलं.

“तो गुडघे टेकला नव्हता. तो बसला होता.”

कोण, असं काकांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. ते उंबऱ्यातच थांबले, हातात पेचकस तसाच.

मग आत्याआजीनं जे सांगितलं ते मी तोवर कुणाकडून इतकं सरळ ऐकलं नव्हतं. तिच्या आजीला तिच्या आजीनं सांगितलेलं. आपल्यात कुणी दारी आलं की आधी बसायचं, समोरच्यालाही बसवायचं, आणि दोघं बसल्याशिवाय बोलायला तोंड उघडायचं नाही. उभ्या-उभ्या बोलतो तो भांडायला आलेला. आपल्या जुन्या भाषेत ‘बस’ आणि ‘बोल’ याला शब्दच एक होता. जहाजातून माणसं उतरली तेव्हा मुखिया वाळूवर मांडी घालून बसला आणि त्यांची वाट बघत राहिला. ती माणसं बसलीच नाहीत. त्यांना वाटलं, हा शरण आला. त्याच्या अंगावरून ती वर आली, आणि त्या दिवसानंतर नदीकाठ आपला राहिला नाही.

काकांनी विचारलं, की हे आधी का नाही सांगितलं.  आत्याआजी म्हणाली, की तिला लहानपणी घरातून उचलून वसतिगृहाच्या शाळेत नेलं होतं, तिथंही हा देखावा बसवायचे. सगळ्या मुलींना रांगेत गुडघे टेकायला लावायचे. ती मांडी घालून बसली, आजीनं सांगितलं होतं म्हणून, आणि ते आपल्या भाषेत बोलूनही दाखवलं. मग तिला अंगणात खडीवर गुडघ्यांवर उभं केलं, ऊन उतरेपर्यंत. “त्यानंतर मी बोलले नाही,” ती म्हणाली. “तुझ्या बापाशीही नाही. तो दरवर्षी खाली जाऊन टेकायचा आणि मी गप्प राहायचे. लावलंस का दार?”

दार लागलं होतं. अलगद मिटत होतं. काका हत्यारं गोळा करून उतरणीवरून खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते नगरपालिकेच्या सभागृहात गेले. तिथं त्या प्रसंगाचं मोठं चित्र लावलेलं आहे. काका ते लहानपणापासून बघत आले होते, त्याची चौकट त्यांनीच एकदा दुरुस्त केली होती. आता ते चित्रासमोर इतका वेळ उभे राहिले की शिपायानं येऊन विचारलं, पुन्हा वाळवी लागली की काय. चित्रात मुखियाचे गुडघे स्पष्टपणे जमिनीला टेकलेले होते. चित्रकार त्या वेळी जन्मालाही आला नव्हता हे काकांना माहीत होतं, पण चित्र भिंतीवर होतं आणि आत्याआजीचं म्हणणं फक्त तिच्या तोंडात. पुरावा शोधायला गेले होते, तसेच हात हलवत आले.

तरीही ते हेडबाईंकडं गेले. हेडबाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, देखावा त्याच बसवायच्या. त्यांनी काकांना खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकलं, दोनदा ‘फार हृद्य आहे हो’ म्हणाल्या. मग म्हणाल्या की यंदा आता वेळ नाही, पुढच्या वर्षी एक समिती नेमू आणि विचार करू. काकांनी विचारलं, समितीत वरचं कोण असेल. त्या म्हणाल्या, तोही विचार समितीच करेल.

तालमी सुरू झाल्या. काका गेले आणि नेहमीसारखे टेकले. मालकांनी नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला. मी हे जवळून बघत होते, कारण मुखियाच्या मागं पाण्याच्या घागरी घेऊन आमच्या ज्या चार-पाच बायका उभ्या राहायच्या त्यांत मी होते, आई होती. मला वाटलं, विषय संपला. सुटल्यासारखं वाटलं, आणि जरासं वाईटही.

मग शेवटच्या तालमीनंतर मी काकांचा डबा परत न्यायला वखारीत गेले. करवती थांबलेल्या. काका भुशावर एकटे होते, अंगात तो सदरा. ते उभे राहत होते, चार पावलं चालत होते आणि मांडी घालून बसत होते. पुन्हा उठत होते, पुन्हा बसत होते. घाई न करता बसायचं, पण म्हाताऱ्यासारखंही नाही, याची ती तयारी चालली होती. सदऱ्याचा घोळ मांडीखाली अडकत होता, तो ते दरवेळी बाजूला सारत होते. मी डबा न घेताच मागं फिरले.

काकूला मी सांगितलं नाही. तिला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं, आणि तिला भीती वाटायला कारणही होतं. ते राहत होते ती खोली वखारीची होती. काकूचा भाऊ वखारीत, भाचा वखारीत. मी फक्त आईला सांगितलं. आई भांडी घासत होती. ती घासतच राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “सदरा भुशात घातला म्हणून तुझी काकू जीव घेईल त्यांचा.”

देखाव्याच्या दिवशी मैदान फुललं होतं. मी घागर सारखी या हातातून त्या हातात घेत होते. काकू पुढच्या रांगेत बसली होती, डोक्यात फूल माळून. जहाजाचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. मालक उतरले. चकचकीत बूट, कमरेला तलवार, डोक्यावर टोकदार टोपी. बँड थांबला.

काका चालू लागले. मी त्यांची पाठ बघत होते. ठरलेल्या जागी थांबले. एक क्षण मला वाटलं, टेकणार. त्यांचा उजवा गुडघा वाकलाही, इतक्या वर्षांची सवय होती त्याला. मग त्यांनी सदऱ्याचा घोळ बाजूला सारला आणि ते खाली बसले. मांडी घालून, पाठ ताठ, हात मांडीवर. आणि त्यांनी मालकांकडं बघितलं.

मैदानात कुणाला काही कळलं नाही. लोकांना वाटलं, यंदा बदललंय. मालकांना मात्र कळलं. त्यांनी हात पुढं केला, सवयीनं, डोक्यावर ठेवायला. पण डोकं तिथं नव्हतं, बरंच खाली होतं. ते वाकले. बूट घट्ट, त्यात पोट. आणखी वाकले, तशी तलवारीची मूठ वर आली आणि टोक फळीवर खट्कन आपटलं. गर्दीतून कुणीतरी खुदकन हसलं. दुरून बघणाऱ्याला असं वाटत होतं की कप्तानच मुखियाला वाकून नमस्कार करतोय.

मालक झटकन सरळ झाले. चेहरा लाल झालेला.

“ऊठ,” ते दात आवळून म्हणाले.

काकांनी समोरच्या फळीवर हात ठेवला, पाहुण्याला जागा दाखवतात तसा. “बसा, मालक,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण बँड थांबलेला होता.

कुणी हललं नाही. भोंग्यावरचा माणूस गप्प झाला, त्याच्या कागदात पुढचं काही नव्हतं. हेडबाई मंचाच्या कडेला उभ्या राहून हातानं खुणा करत होत्या, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं.  तेवढ्यात माझ्या शेजारी घागर फळीवर ठेवल्याचा आवाज झाला. आई खाली बसली होती. मग आम्ही बाकीच्याही बसलो, एकीमागून एक. मंचावर उभे असे मालकच राहिले, आणि कापडी जहाज.

ते बसले नाहीत. थोडा वेळ उभे राहिले, मग मागं वळून जहाजाच्या मागं निघून गेले. कुणाच्या तरी इशाऱ्यावर बँडनं जे सुचलं ते वाजवायला सुरुवात केली.

पुढच्या रांगेतली काकूची जागा रिकामी होती. ती कधी उठली ते आम्ही पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना वखारीच्या कचेरीत बोलावलं. काकू बरोबर गेली, तिला कुणी बोलावलं नव्हतं तरी. जे झालं ते तिनं नंतर आईला सांगितलं, रडत आणि चिडत. मालक ओरडले नाहीत. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. त्यांनी दोघांना चहा मागवला. म्हणाले की माणसाचं वय होतं, सांधे धरतात, गुडघा ऐन वेळी दगा देतो, हे गाव समजून घेईल. हेडबाई तसं गावात वाटायच्या पत्रकात छापायला तयार आहेत. काकांनी फक्त हो म्हणायचं. पुढच्या वर्षी दुसरा कुणी टेकेल, काकांनी बाजूला उभं राहून बघायचं. खोली आहे तशी राहील, काम आहे तसं राहील.

काकूनं टेबलाखालून काकांच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला.

काका खूप वेळ चहाच्या कपाकडं बघत राहिले. काकू सांगायची, की तेवढ्या वेळात तिनं मनातल्या मनात सामान बांधलं आणि सोडलं, पुन्हा बांधलं. मग काका म्हणाले, “गुडघा ठणठणीत आहे, मालक. मी बसलो.”

महिना संपायच्या आत खोली सोडावी लागली. सामान उतारावरून वर आमच्या घरी नेताना वस्तीतले लोक मदतीला आले, पण सगळे नाही. काहींचं म्हणणं होतं की याला मोठेपणा हवा होता, आता भाऊबंदांच्या नोकऱ्या जाणार. ते अगदीच खोटं नव्हतं. काकूच्या भाच्याला वखारीतून काढलं. भावाला ठेवलं, पण ओंडके उचलायच्या कामावर टाकलं. तो काकांशी वर्षभर बोलला नाही. काकू तर कित्येक वर्षं बोलली नाही. एकाच घरात राहून ती काकांना माझ्यामार्फत निरोप द्यायची, की सांग त्यांना, जेवायला वाढलंय. काका तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. ते मला म्हणायचे, की सांग तिला, आलो. मला हसू यायचं आणि त्या दोघांना अजिबात यायचं नाही.

काका आत्याआजीच्या पडवीत काम करू लागले. दारं, खिडक्या, पाट, जे येईल ते. खालची माणसं आधी फिरकली नाहीत. मग एकेक जण काहीतरी निमित्त काढून यायला लागला, कारण काकांसारखं दार कुणी बसवत नव्हतं. पुढच्या वर्षी देखाव्यात वखारीचा कारकून चेहऱ्याला काजळी फासून टेकला म्हणे. वरचं कुणीही गेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी देखावा झालाच नाही. मंच जुना झाला, असं कारण सांगण्यात आलं. हेडबाईंची समिती काही नेमली गेली नाही.

मी काकांना एकदा विचारलं, आत्याआजीचं चुकत असेल तर. इतक्या पिढ्या तोंडातोंडी आलेलं, त्यात काय काय बदललं असेल. ते रंधा मारत होते. त्यांनी पातं तपासलं, मग म्हणाले, की त्यांनीही हा विचार केला होता, त्या कपाकडं बघताना. “चुकत असेल,” ते म्हणाले. “पण खडीवर तिला उभं केलं होतं, मला नाही.” आणि पुन्हा कामाला लागले.

काम करता करता ते तिच्याकडून जुने शब्द घ्यायचे. ती ओट्यावरून एक शब्द टाकायची, ते उच्चारायचे, ती तोंड वाकडं करायची. पाण्याचा शब्द त्यांना कधी धड आला नाही. ते म्हणायचे तो शब्द म्हणे शिंकेचा होता. आत्याआजी हसून हसून ठसकायची. ती इतकं हसते हे वस्तीत कुणाला माहीत नव्हतं. आधी ती शब्द सांगताना दाराकडं बघून घ्यायची, कुणी येत नाही ना म्हणून. पुढं पुढं बघायची नाही.

पाच-सहा वर्षांनी थंडीत ती गेली. झोपेतच गेली. तिला निरोप द्यायला वस्ती जमली. काका पुढं झाले आणि जुन्या भाषेत बोलायला लागले. फार नाही, पाच-सहा वाक्यं. तिचं नाव, ती कोणाची कोण, नदीकाठी तिच्या लोकांचं घर कुठं होतं. चुका करत, अडखळत. लोक खाली बघत होते. ही भाषा चारचौघांत कुणी कधी ऐकली नव्हती, आणि आपण ऐकतोय हे दाखवायचीही सवय नव्हती.

काका एका शब्दाशी अडले. आठवेना.  तेव्हा मागून कुणीतरी तो शब्द सांगितला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. काकूचा भाऊ होता, ओंडके उचलणारा. त्याला ही भाषा येते हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. तो गोंधळला, टोपी हातात चुरगळली. मग त्यानं तो शब्द पुन्हा म्हटला, जरा मोठ्यानं. काकांनी तो त्याच्यामागून उच्चारला आणि वाक्य पुरं केलं.

परतताना उतारावर काकू भावाच्या बाजूनं चालत होती. काका पुढं होते. तिनं भावाला विचारलेलं मी ऐकलं, की हे तुला कुणी शिकवलं आणि मला का नाही. तो म्हणाला, आईनं, आणि ती म्हणाली होती की बहिणीला शिकवू नकोस, तिला वसतिगृहाच्या शाळेत नेलं तर मार पडेल.  काकू थोडं अंतर तशीच चालली. मग तिनं पुढं जाणाऱ्या काकांना हाक मारली, माझ्यामार्फत नाही, स्वतः, आणि म्हणाली की जरा हळू चाला, आम्हीपण येतोय.